पन्नास पानांच्या नियमाविरुद्ध

पुस्तक रुचत नसेल तर सोडून द्यावं, आयुष्य थोडं आहे आणि पुस्तकं अमाप आहेत. वाचनाची चर्चा कुठेही निघाली की हल्ली हे मत सिद्धान्तासारखं मांडलं जातं आणि त्याला कोणी हरकत घेत नाही. आधीच्या पिढीवर उलटा संस्कार होता. हाती घेतलेलं पुस्तक तडीस न्यायचं, मग ते आवडो की न आवडो. त्या धाकातून वाचकाची सुटका झाली हे चांगलंच झालं. पण धाक गेला आणि त्याच्या जागी जो नवा नियम येऊन बसला, तो मला जुन्याइतकाच आंधळा वाटतो. वाचकाला पुस्तक अर्धवट सोडण्याचा अधिकार आहे, याबद्दल माझा वाद नाही. कंटाळा आला एवढंच कारण त्याला पुरतं, आणि कुठे थांबायचं हे पानांच्या आकड्यावरून ठरवता येतं, या दोन गोष्टींशी माझा वाद आहे.

खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा, ही आपल्याकडच्या शास्त्रचर्चेची रीत. ती पाळायला हवी, कारण हा पूर्वपक्ष दुबळा नाही.

त्याचा पहिला आधार सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा. त्यांचा नियम जगभरच्या वाचकांत पसरला आहे: कोणत्याही पुस्तकाला पन्नास पानं द्यावीत, तेवढ्यात ते मनात शिरलं नाही तर खुशाल ठेवून द्यावं. वय पन्नाशीच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करावं. म्हणजे साठीच्या वाचकाने ४० पानं वाचावीत, ऐंशीच्या वाचकाने २०. दुसरा आधार बुडीत खर्चाचा. हॅल आर्कीस आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात एका नाट्यगृहाच्या हंगामी तिकिटांवरचा प्रयोग आहे. काहींना तिकीट पूर्ण किमतीला विकलं, काहींना सवलतीत. हंगामाच्या पहिल्या सहामाहीत पूर्ण पैसे मोजलेले लोक जास्त नाटकांना आले. नाटकं सगळ्यांना तीच होती. गेलेला पैसा परत येणार नाही हे ठाऊक असूनही माणूस त्याच्या मागे जातो, हे त्यातून दिसलं. मग दोनशे पानं वाचून झाली म्हणून उरलेली तीनशे वाचणं हाही तसलाच भ्रम, असं सांगितलं जातं. तिसरा आधार फ्रेंच लेखक आणि शिक्षक दानिएल पेनाक यांचा. १९९२च्या आपल्या पुस्तकात त्यांनी वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यातला तिसरा हक्क पुस्तक पुरं न करण्याचा.

ग्रंथपाल, संशोधक आणि शिक्षक अशा तिघांची साक्ष एका बाजूला उभी राहिली की वाचकाला वाटतं, प्रश्न सुटला. मला तसं वाटत नाही.

पहिल्यांदा पन्नास पानांचा विचार करू. प्रत्येक पुस्तकाची पहिली पन्नास पानं एकच काम करतात, हे या नियमात गृहीत धरलेलं आहे. ते खरं नाही. उम्बेर्तो एको यांची ‘द नेम ऑफ द रोझ’ ही कादंबरी १९८०मध्ये इटालियनमध्ये आली. पहिली शंभर पानं फार जड आहेत, ती कमी करा, असं प्रसिद्धीपूर्वी हस्तलिखित वाचणाऱ्यांनी त्यांना सुचवलं होतं. एकोंनी नकार दिला. कादंबरीवर नंतर लिहिलेल्या टिपणात त्यांनी कारण दिलं आहे. ज्याला त्या मठात शिरून सात दिवस राहायचं आहे, त्याने मठाची चाल अंगवळणी पाडून घेतली पाहिजे, आणि ती शंभर पानं त्यासाठीच आहेत. म्हणजे ज्या जागी पन्नास पानांचा नियम वाचकाला बाहेर काढतो, नेमकी तीच जागा लेखकाने वाचक घडवण्यासाठी राखून ठेवलेली होती. ही कादंबरी पुढे जगभर लाखोंनी खपली, तेव्हा ती मूठभर पंडितांपुरती होती असंही म्हणता येत नाही.

आपल्या नारदीय कीर्तनात हे शेकडो वर्षं चालत आलेलं आहे. पूर्वरंगात अभंग घेतला जातो, त्याचं निरूपण होतं, दृष्टान्त येतात, आणि मग उत्तररंगात आख्यान लागतं. पूर्वरंगातच उठून गेलेला श्रोता घरी जाऊन आख्यान रंगलं नाही असं सांगायला लागला, तर त्याचं कोणी ऐकून घेणार नाही. पुस्तकाच्या बाबतीत मात्र आपण ते निमूट ऐकून घेतो.

कुठल्याही सार्वजनिक ग्रंथालयात जाड कादंबऱ्यांच्या कपाटापाशी उभे राहा. एखादी पाचशे-सहाशे पानांची प्रत काढा आणि मिटलेलीच आडवी धरून तिच्या कडांकडे बघा. सुरुवातीची बोटभर जाडीची पानं मळकट आणि फुगलेली दिसतात, कोपरे दुमडून मऊ झालेले असतात. त्यानंतर कडा एकदम पांढऱ्या होतात. पेन्सिलीच्या खुणाही तिथेच थांबतात. किती वाचक कुठवर आले, हे प्रत स्वतःच सांगते.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ची. साठ वर्षांनंतरही तिच्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात, आणि नावडल्याचं सांगणाऱ्यांना जरा खोदून विचारलं तर त्यातले बरेच जण सुरुवातीच्या भागातच थांबलेले निघतात. तिथवर पांडुरंग सांगवीकरचं बोलणं तिरकस आणि हेतुशून्य वाटू शकतं. पण पांडुरंगाची धाकटी बहीण मनी पन्नास पानांत मरत नाही. तिच्या मृत्यूची पानं येतात, तेव्हा हा मुलगा आधी सगळ्याच गोष्टींबद्दल तसा का बोलत होता, ते उलगडतं. मागची पानं त्या क्षणी पुन्हा नव्याने वाचल्यासारखी होतात. जो तिथवर गेलाच नाही, त्याने ‘कोसला’ आवडली नाही असं म्हणणं हे त्या पुस्तकाविषयीचं विधान होत नाही.

वाचण्याचा धंदा असलेली माणसंसुद्धा यात फसतात. मार्सेल प्रूस्त यांच्या महाकादंबरीचा पहिला खंड पॅरिसच्या प्रकाशकांकडून परत आला. झोप लागण्यापूर्वी अंथरुणात कुशी बदलणाऱ्या माणसावर कुणी तीस पानं का खर्चावीत हेच समजत नाही, असं ओलेंडॉर्फ या प्रकाशनसंस्थेच्या प्रमुखांनी कळवलं. दुसऱ्या एका प्रकाशनाच्या वतीने आंद्रे जीद यांनी ते हस्तलिखित वरवर चाळून बाजूला सारलं. शेवटी १९१३मध्ये प्रूस्त यांनी पदरचे पैसे घालून ग्रासे या प्रकाशकाकडून पुस्तक काढलं. १९१४च्या जानेवारीत जीद यांनी प्रूस्तना पत्र लिहून चूक कबूल केली. ओलेंडॉर्फच्या प्रमुखांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. त्या पानांत खरोखरच एक माणूस अंथरुणात पडून आहे. त्यांनी फक्त तीस पानांवरून पुढच्या हजारोंचा निकाल लावला.

आता बुडीत खर्च. हा युक्तिवाद वरून बिनतोड दिसतो, पण पुस्तकाला लावताना तो अर्धाच लावला जातो. त्यामागचं तत्त्व असं: मागे काय गेलं ते विसरा आणि पुढे किती खर्च होणार, किती मिळणार, एवढंच तोला. ठीक. मग पुढचंच तोलू. दीडशे पानं वाचलेल्या वाचकाला पात्रांची नावं, नाती, गावाचा भूगोल, लेखकाची भाषा हे सगळं अवगत झालेलं असतं. त्याला एकशे एकावन्नावं पान नवख्या वाचकापेक्षा कितीतरी सोपं जातं आणि त्यातून मिळतंही जास्त. म्हणजे मागच्या पानांनी पुढचा खर्च कमी केला आणि पुढची मिळकत वाढवली. नाट्यगृहाच्या तिकिटाला हा गुण नाही. आज एक नाटक पाहिल्याने पुढच्या महिन्यातलं वेगळंच नाटक जास्त कळेल असं काही नसतं. शिवाय कथेत मागच्या पानांची किंमत पुढची पानं ठरवतात, हे आपण मनीच्या बाबतीत पाहिलंच. जे अजून पुढे ठरायचं आहे ते बुडीत खात्यावर टाकणं हा हिशेबाचाच दोष आहे.

पेनाक यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच त्यांचं नाव असं वापरलेलं सहन होत नाही. त्यांचं ते पुस्तक वाचनाची धास्ती घेतलेल्या मुलांसाठी आहे. शाळेने प्रश्नोत्तरं आणि सारांश लिहायला लावून ज्यांच्या मनातून पुस्तक उठवलं, त्या मुलांना परत आणायचं कसं, हा त्यांचा प्रश्न. त्यावर त्यांनी दाखवलेला उपाय हक्कांच्या यादीपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे: वर्गात शिक्षक काहीही न विचारता कादंबरी मोठ्याने वाचत जातो. पाट्रिक झ्यूस्किंड यांची ‘परफ्यूम’ वाचली जाते, आणि एकट्याने कधीच पुढे न गेलेली मुलं शेवट काय होतो हे जाणून घ्यायला स्वतःच पुस्तक मिळवतात. म्हणजे न वाचण्याचा हक्क देणाऱ्या शिक्षकाने मुलांना त्यांच्या कंटाळ्याच्या पलीकडे नेलं. हा सबंध भाग गाळून तिसरा हक्क तेवढा उचलायचा आणि तो धडधाकट, सवयीच्या वाचकाने स्वतःला लावून घ्यायचा, हे पेनाक यांचं मत म्हणून सांगता येणार नाही.

इथे एक शंका निघेल, आणि ती रास्त आहे. एको, प्रूस्त, नेमाडे ही निवडक नावं झाली. सुरुवातीला कंटाळवाणी असलेली बहुतेक पुस्तकं शेवटपर्यंत कंटाळवाणीच राहतात. एका ‘कोसला’साठी माणसाने इतरांची पानं का उपसावीत? उत्तर असं की, उपसू नयेतच. पण कोणती सोडायची हे कंटाळा सांगू शकत नाही, कारण तो दोन्ही प्रकारच्या पुस्तकांत सारखाच येतो. कंटाळा कशामुळे येतोय, हे विचारावं लागतं.

हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी काश्मिरात अभिनवगुप्ताने विचारला होता. भरताच्या नाट्यशास्त्रावरच्या ‘अभिनवभारती’ या टीकेत रसाचा आस्वाद का अडतो, याची सात कारणं त्याने दिली आहेत. त्यांना रसविघ्नं म्हणतात. प्रेक्षक समोरचं संभवतच नाही असं मानतो, तेव्हा रस अडतो. समोरचं सुखदुःख हे आपलंच किंवा त्या अमक्या माणसाचंच असं धरून बसतो, तेव्हा अडतो. स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असतो, तेव्हा अडतो. या विघ्नाला त्याने निजसुखादिविवशीभाव असं नाव दिलं आहे. उरलेली चार मुख्यतः कृतीकडची: प्रतीतीची साधनं अपुरी असणं, स्पष्टपणा नसणं, गौण गोष्ट प्रधान होऊन बसणं, आणि नेमका कोणता भाव अभिप्रेत आहे याचा संशय राहणं. मला यात थोर वाटतं ते हे की, विघ्न कुठे आहे याची फोड त्याने केली. काही विघ्नं वाचकात असतात, काही पुस्तकात. आणि उपायही त्याने सांगितले. आपल्या दुःखात गुंतलेल्या प्रेक्षकाला सोडवण्यासाठी रंगभूमीवर गीत आहे, वाद्य आहे. आस्वाद आपोआप सुरू होत नाही, त्यासाठी मन तयार करावं लागतं, हे त्याने गृहीतच धरलं आहे.

ही फोड हाताशी धरली की कुठे थांबायचं, हे आकड्याविना ठरतं.

घरात आजारपण आहे, नोकरीचं काही खरं नाही, अशा दिवसांत ‘रणांगण’ हाती घेतली आणि दहा पानांपुढे जाववलं नाही, तर ‘रणांगण’मध्ये काही उणं नाही. पुस्तक ठेवून द्यावं, पण तारखेनिशी ठेवावं आणि वर्षभराने पुन्हा उघडावं. दुसरी गोष्ट अधिकाराची. आपल्या शास्त्रग्रंथांच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन ही चार अंगं सांगायची पद्धत होती. ग्रंथ कोणासाठी आहे, कशाबद्दल आहे, त्या विषयाशी ग्रंथाचं नातं काय आणि वाचून काय हाती लागणार, हे वाचकाला आधीच कळत असे. ‘दासबोधा’चा पहिलाच समास श्रोत्यांच्या याच प्रश्नांना उत्तर देतो. ‘अमृतानुभव’ अडला तर त्याच्या आठशे ओव्यांवर रागावण्यात अर्थ नाही. आधी ‘ज्ञानेश्वरी’ वाचायची राहिली, एवढाच त्याचा अर्थ. माघार घ्यावी, पायरी चढावी, परत यावं.

विघ्न पुस्तकात असेल तर मात्र पन्नास पानांपर्यंत थांबायचं काहीच कारण नाही. पानिपतावरचं एखादं पुस्तक सहाव्या पानावर सदाशिवरावभाऊंना नानासाहेब पेशव्यांचे सख्खे भाऊ म्हणत असेल, तर सहाव्या पानावरच मिटावं. भाऊ चिमाजी अप्पांचे पुत्र, नानासाहेबांचे चुलतभाऊ, हे ज्याला बघून घ्यावंसं वाटलं नाही, त्याने १४ जानेवारी १७६१च्या दिवसाबद्दल लिहिलेल्या दोनशे पानांवर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? माहितीपर पुस्तकाची परीक्षा अशीच घ्यावी: आपल्याला पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टीवरचं पान आधी काढावं. अनुवादाचंही तसंच. ‘त्याने आपले मन बनवले’ अशी वाक्यं पानोपानी लागत असतील तर तिथे स्पष्टपणाच नाही. दुसरा अनुवाद शोधावा. मूळ लेखकाला दोष देऊ नये. आणि ज्या ऐतिहासिक कादंबरीत दागदागिने, पोशाख आणि महिरपी यांच्या वर्णनाखाली माणसं दडपून जातात, तिथे गौण ते प्रधान झालेलं आहे. तीन प्रकरणांत ते पालटलं नाही तर पुढेही सहसा पालटत नाही.

ललित पुस्तकात याहून कठीण जाते ती निवड, कारण तिथे चूक बोटाने दाखवता येत नाही. इथे मीमांसकांची मदत होते. ग्रंथाचं तात्पर्य ठरवण्यासाठी त्यांनी सहा खुणा सांगितल्या. पहिली खूण उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट यांचा मेळ. मग पुन्हा पुन्हा काय येतं तो अभ्यास. मग अपूर्वता, म्हणजे दुसरीकडे कुठे न मिळणारं असं यात काय आहे. पुस्तक सोडावंसं वाटलं की मधलं कुठलंही एक पान काढून मोठ्याने वाचावं, आणि शेवटचं प्रकरण वाचावं. गोष्टीची उत्सुकता मावळेल ही भीती इथे फोल आहे, कारण उत्सुकता उरली असती तर पुस्तक सोडायची वेळच आली नसती. नेमाडे यांचीच ‘हिंदू’ ही कादंबरी पहिल्या भागात ज्यांना झेपली नाही, त्यांनी मोरगावातली कुठलीही वीस पानं वाचून बघावीत आणि मग ठरवावं. उलट यशाचे मार्ग सांगणाऱ्या पुस्तकांत दुसऱ्या प्रकरणापासून तीच गोष्ट नव्या उदाहरणाने येत राहते. तिथे अभ्यास उदंड, अपूर्वता शून्य. ती पुस्तकं अर्ध्यावर सोडल्याने काही हुकत नाही.

काही ग्रंथांच्या बाबतीत हा प्रश्नच गैरलागू आहे. तुकोबांची गाथा किंवा विश्वकोशाचा खंड कोणी सलग संपवावा अशी अपेक्षा नसते. ‘गुरुचरित्रा’च्या सप्ताहाची गोष्ट वेगळी. तिथे सात दिवसांत ग्रंथ पुरा करणं हाच संकल्प असतो, आणि फळ त्या पूर्ततेत मानलेलं आहे. ते व्रत आहे. आधीच्या पिढीचा तडीस नेण्याचा धाक मला त्या व्रताचीच छाया वाटतो. कादंबरीला तो लावणं चूक होतं, आणि तो उठला याचं मला दुःख नाही.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे: पुस्तक खुशाल सोडा, पण कारण ओळखून सोडा. वहीत पुस्तकाचं नाव, पान, तारीख आणि अडलं कशामुळे ते एका ओळीत लिहून ठेवा. विघ्न आपल्यात होतं असं वाटलं तर पुढच्या वर्षी त्या ओळीकडे परत या. आणि अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल चारचौघांत मत देऊ नका, कारण उपसंहार न पाहता तात्पर्य सांगता येत नाही. परीक्षणं लिहिणाऱ्यांनी आणि पुरस्कारांच्या निवड समित्यांवर बसणाऱ्यांनी तर सोडून देण्याचा हा हक्क स्वतःकडे घेऊच नये. शेवटच्या पानापर्यंत वाचणं होत नसेल तर त्यांनी ते काम दुसऱ्याकडे सोपवावं.